शंभरी साजरी करताना: आधी आठवणी, मग तारीख, शेवटी मांडव

आमच्या चुलत आज्जीची शंभरी वाळवा तालुक्यात थाटात झाली. सहाशे पानं उठली. बँड होता, चौकात फ्लेक्स होता, सत्काराला आजी-माजी पदाधिकाऱ्यांची रांग होती. त्या दिवसाचा तिचा आवाज असलेला एकच व्हिडिओ आमच्याकडे आहे, चार मिनिटांचा. त्यात ती दोनदा "मला घरला न्या" म्हणते. सव्वा महिन्यानं ती गेली. नवी सून म्हणून आली तेव्हा पत्री सरकारच्या (इंग्रजांविरुद्धच्या भूमिगत चळवळीच्या) माणसांना ती रात्री मळ्यात भाकरी पोचवायची, हे आम्हाला तिच्या दहाव्याला कळलं. तेही शेजारच्या गावातून आलेल्या एका म्हाताऱ्याकडून.

त्यानंतर सातारा-सांगलीकडच्या चार-पाच घरांत शंभरीचं आणि आठवणी जपण्याचं काम मी लावून दिलं. चूक सगळीकडे एकच दिसते, क्रम उलटा असतो. आधी आचारी ठरतो, मग मांडव, मग फ्लेक्स. फ्लेक्सवर तारीख हवी म्हणून घाईघाईनं कागद शोधले जातात, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांच्याशी बोलायचं राहून जातं.

खाली दिलेला क्रम पाळायचा तर हाताशी निदान चार महिने हवेत. शंभरी पुढच्याच महिन्यात असेल तर कार्यक्रम तीन महिने पुढं ढकला. आठवणींचं काम मात्र उद्यापासून सुरू करा.

टप्पा १: त्यांना विचारा, एकट्यात

दहा पाहुण्यांसमोर "आज्जी, तुझा मोठा कार्यक्रम करायचा ना?" असं विचारलं तर कुठलीही आज्जी "करा की" म्हणेल. म्हणून घरातल्या एकानंच, ज्याच्याशी त्यांचं जमतं त्यानं, निवांत वेळी तीन गोष्टी विचारायच्या. कार्यक्रम हवा का? कुणाला भेटावंसं वाटतं? काय अजिबात नको?

मधल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं निघतं. कुणाला माहेरच्या गावची वेस बघायची असते, कुणाला पाटावरची मैत्रीण. खानापूरकडच्या एका आजोबांनी सांगितलं, "जेवणावळ नगं, मला हिरीपतुर न्या." पोरांनी बांधापर्यंत गाडी घातली, तिथून खुर्चीत बसवून विहिरीच्या काठावर नेलं. विहीर कधीच बुजलेली, धावेच्या (मोटेचे बैल चालायच्या उताराच्या) जागी ऊस. तिथं बसून ते दीड तास बोलले. त्या घरचा सोहळा माझ्या मते तिथंच झाला, पुढचं जेवण नावाला.

"काय नको" यात एक नाजूक गोष्ट असते. शंभरी गाठणाऱ्या बायका बहुधा विधवा असतात. औक्षण करायचं म्हटलं की कुंकू लावायचं का, यावर ऐन वेळी बायकांत कुजबुज होते आणि म्हातारी सगळं बघत असते. मे २०२२ मध्ये सांगलीला लागूनच असलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनानं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. तेव्हा लावायला हरकत कुणाची नसावी, पण कपाळ त्यांचं आहे. काहीजणी हौसेनं लावून घेतात, काहीजणींना साठ वर्षांनी ते नको वाटतं. आदल्या आठवड्यात विचारून ठेवा आणि ओवाळणाऱ्या बायकांना तसं सांगा.

> सावध: कुणाच्या मृत्यूची बातमी त्यांच्यापासून लपवून ठेवली आहे का, हे आधी घरात स्पष्ट करून घ्या. मुलगा, जावई, धाकटी बहीण गेल्याचं म्हाताऱ्या माणसाला सांगत नाहीत, ही आपल्याकडची रीतच आहे. मग माईकवर कुणीतरी "कैलासवासी" म्हणून नाव घेतो आणि भर मांडवात रडारड होते.

टप्पा २: बैठकीची तयारी

आठवणी एका बैठकीत होत नाहीत. सहा ते आठ बैठका धरा, आठवड्याला दोन. एक बैठक तीस-चाळीस मिनिटांची. त्यांचं बोलणं रंगात आलं असलं तरी थांबा, पुढचं पुढच्या खेपेला.

*वेळ.* सकाळची अंघोळ, चहा, न्याहारी झाल्यावर, साधारण साडेनऊ ते अकराच्या मधे. संध्याकाळी बसू नका. दिवस कलला की या वयात बरेचजण गोंधळतात, माणसं ओळखत नाहीत, घरात असूनही घरी जायचं म्हणतात. तेव्हा घेतलेली मुलाखत वाया जाते, आणि त्यांनाही त्रास होतो.

*कान, डोळे, दात.* पहिल्या बैठकीआधी डॉक्टरांकडून कानातला मळ बघून घ्या. "ऐकूच येत नाही" म्हणून सोडून दिलेल्या दोन म्हाताऱ्यांचं निम्मं बहिरेपण मळाचं निघालेलं मी पाहिलंय. श्रवणयंत्र असेल तर सेल नवा घाला. चष्मा पुसा. कवळी तोंडात असू द्या, नाहीतर अर्धे शब्द कळत नाहीत.

वयानं ऐकू कमी येतं तेव्हा बारीक, चढा आवाज आधी जातो. म्हणून तर नातवंडांचं आणि सुनेचं ऐकू येत नाही आणि मुलाचं येतं. त्याला घरात "सोयीचं बहिरेपण" म्हणतात, ते बरोबर नाही. कानात ओरडण्यानं आवाज आणखी चढतो आणि फाटतो. समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, आवाज खाली घ्या आणि सावकाश बोला. ओठ दिसले की निम्मं काम होतं.

*खोली.* पंखा बंद. टीव्ही, मिक्सर, कुकर बंद. देवळात काकडा किंवा पारायणाचा कर्णा चालू असेल त्या दिवशी बसूच नका. फोन विमान मोडवर टाकून, दुमडलेल्या टॉवेलवर, त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा. दोनतीनशे रुपयांचा कॉलर माईक मिळाला तर उत्तम. व्हिडिओ हवाच असेल तर दुसरा फोन स्टँडवर लावा. हातात धरून समोर उभं राहिलं की माणूस फोटोला बसल्यासारखा ताठ होतो.

*माणसं.* एकजण विचारणारा, एकजण फोनकडं बघणारा. बस्स. सगळ्यात आधी बाहेर काढायचा तो दुरुस्त्या करणारा. प्रत्येक घरात एक असतो, बहुधा थोरला मुलगा. "आई, तसं नव्हतं, ते बहात्तर साली झालं." तीनदा असं झालं की आई गप्प होते आणि पुढं सगळ्याला "व्हय, तसंच" म्हणते.

> तपासा: फोनमध्ये जागा आहे? चार्जिंग आहे? दहा सेकंद रेकॉर्ड करून इअरफोननं ऐकलं? सुरुवातीलाच मोठ्यानं तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव आणि विचारणाऱ्याचं नाव म्हटलं? पाण्याचं भांडं जवळ आहे?

टप्पा ३: काय विचारायचं आणि कसं

पहिल्यांदा हा प्रश्न डोक्यातून काढून टाका: "आज्जी, एवढ्या दीर्घायुष्याचं रहस्य काय?" याचं उत्तर महाराष्ट्रभर एकच आहे, "कष्ट केलं, भाकरी खाल्ली." त्यात खोटं काही नाही, पण त्यातून काही हातीही लागत नाही. त्यांच्या बरोबरीनं तेवढेच कष्ट केलेली आणि तीच भाकरी खाल्लेली बाकीची माणसं साठीत गेली, हे त्यांनाही माहीत असतं. "आजच्या पिढीला काय संदेश द्याल?" हाही त्याच्याच भाऊबंदांतला प्रश्न. संदेश मागितला की माणूस भाषणाच्या भाषेत शिरतो.

शहाणपण कामात असतं, म्हणून काम विचारा. शाळूचं बी पुढच्या सालाला कसं राखून ठेवायचा, राख कशाची, कणगी कशानं लिंपायचा? घरात वीस माणसं आणि पीठ दहाजणांचं, तर भाकरी कुणाला आधी? बाळंतीण अडली तर कुणाला बोलवायचं, ती काय करायची? बैल विकत घेताना काय बघायचा? सावकाराकडं जाताना बरोबर कुणाला न्यायचा? अशा प्रश्नाला उत्तर देताना माणूस हातवारे करतो, मधेच हसतो, आणि एखादं वाक्य असं टाकून जातो की तुम्ही ते मागून कधीच मिळालं नसतं. माणदेशातल्या एका आज्जींना मी हुलग्याचं माडगं (पिठाचं पातळ कढण) कसं करायचं ते विचारत होते. त्या म्हणाल्या, "पातळ किती करायचं ते दारात कोण हुबं हाय त्याच्यावर." दुष्काळात घर चालवण्याबद्दल याहून नेमकं मी काही ऐकलेलं नाही.

वस्तू पुढं ठेवली तर आणखी चांगलं. जातं घरात असेल तर मांडा आणि खुंटा हातात द्या. "ओवी म्हणा" म्हटलं की "आता कुठलं आठवतंय" असं होतं, पण खुंट्याला हात लागून दोन फेरे झाले की ओवी येते. ती हाताच्या लयीत अडकलेली असते. दळण नको, रिकामं फिरवलं तरी चालतं. मात्र जड जातं त्यांना एकट्याला ओढायला लावू नका, समोर दुसरी बाई बसवा. पूर्वीही दोघीच बसायच्या. मोट हाकलेल्या माणसाला नाडा, सोंदूर, थारोळं यांतला एखादा शब्द मुद्दाम चुकीच्या जागी वापरून विचारा. चूक दुरुस्त करायला माणूस जेवढ्या उत्साहानं बोलतो तेवढा प्रशंसेला बोलत नाही.

आपल्या भागात आणखी दोन धागे हमखास लागतात. एक, मुंबई. घरटी एक माणूस गिरणीत नाहीतर गोदीत, म्हणून गाळा (गावकऱ्यांची एकत्र राहायची खोली), खाणावळ आणि गावाकडून आलेली पत्रं कोण वाचून दाखवायचं, हे विचारा. दुसरा, फौज. आजोबा फौजेत असतील तर लढाईआधी भरतीचा दिवस विचारा. आज्जींना विचारायचं ते त्या काळात घर कसं चाललं.

विचारताना तीन पथ्यं. प्रश्न एका दमात एकच. उत्तर संपलं असं वाटलं की मनातल्या मनात दहा आकडे मोजा, कारण खरी गोष्ट पुष्कळदा त्या शांततेनंतर येते. आणि तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगू लागल्या तरी "हे सांगून झालंय" म्हणू नका. तिसऱ्या खेपेला एखादं नवं नाव, नवा तपशील निघतो.

सांगण्यात विसंगती आली तर तिथं भांडू नका. कोण आलं होतं ते सांगताना आधी धाकटा दीर म्हणाल्या, आता चुलत सासरे म्हणतात, तर दोन्ही तसंच राहू द्या. फार तर "कुठल्या दारानं आला वो?" असं विचारा. नाव चुकलं तरी दार बहुधा चुकत नाही.

> सावध: डोळ्यांत पाणी आलं तर रेकॉर्डिंग बंद करायला धावू नका आणि पुढचा प्रश्नही रेटू नका. पाणी द्या, हात धरा, थांबा. "बंद करू का?" हे एकदा विचारा. त्या "ऱ्हाऊ दे" म्हणाल्या तर राहू द्या.

> सावध: जमिनीची वाटणी, कुणी कुणाला फसवलं, गांधीवधानंतरच्या जाळपोळीत कुणाचं घर कुणी पेटवलं, पत्री सरकारनं गावातल्या कुणाच्या तळव्यावर काठी मारली, या गोष्टी निघणारच. ऐकून घ्या, जपून ठेवा. नावांसकट व्हॉट्सॲपवर टाकू नका. त्या माणसांची नातवंडं त्याच आळीत राहतात.

टप्पा ४: वयाचा ताळा

आता कागद. निदान दोन-तीन बैठका झाल्यावरच हे काम हाती घ्या, कारण कागद कुठं शोधायचा ते त्यांच्या बोलण्यातूनच कळतं.

*लागलं की पूर्ण झालं?* "शंभरावं लागलं" म्हणजे नव्याण्णव पूर्ण. आपल्याकडं चालू वर्ष धरून वय सांगायची सवय, त्यामुळं निम्मे फ्लेक्स एका वर्षानं पुढं पळतात. महर्षी कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा आणि शताब्दी १९५८ ची, हा हिशोब लक्षात ठेवा. शंभरावं लागल्यावर सोहळा करायचा असेल तर जरूर करा, पण फ्लेक्सवर तसंच लिहा.

*आधारवर विसंबू नका.* तारीख १ जानेवारी असेल तर बहुधा फक्त साल अंदाजानं सांगितलेलं आहे. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर गुरुजींनी दाखल करून घेताना लिहिलेली. दोन्हींत साल दोन-तीन वर्षं इकडं-तिकडं असू शकतं.

*कुठं शोधायचं.* पुरुषांसाठी आधी गावच्या प्राथमिक शाळेतलं जुनं जनरल रजिस्टर. दोघांसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंद. ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळते. पुष्कळ पानं मोडीत आहेत, म्हणून मोडी वाचणारा बरोबर हवा. कुणबी नोंदी शोधायच्या निमित्तानं आता बहुतेक तालुक्यांत असा एखादा माणूस माहीत झालेला असतो. मुलीच्या जन्माच्या नोंदीत नाव नसतं, बापाचं नाव आणि "मुलगी" एवढंच सापडतं. त्यामुळं माहेरचं गाव आणि बापाचं पूर्ण नाव हातात असल्याशिवाय जाऊ नका. सासरच्या गावात शोधणं ही नेहमीची चूक.

दुसरी नेहमीची चूक जिल्ह्याची. सांगली जिल्हा १९४९ पर्यंत नव्हता. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. १९४९ ला दक्षिण सातारा झाला, त्याला सांगली हे नाव १९६० ला मिळालं. पलूस, कडेगाव हे तालुके तर फार नंतरचे. शिवाय सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थानं होती. आटपाडी औंधात होतं. जुना कागद ज्या नावाखाली बांधला गेला, त्या नावानं मागा.

जन्मपत्रिका सापडली तर तिच्यात शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते चैत्र पाडव्यापर्यंतचा जन्म असेल तर ७९. शके १८४७ च्या श्रावणातला जन्म म्हणजे १९२५.

*कागद नसेल तर घटनांचा ताळा.* "तेव्हा तुम्ही केवढ्या होता?" असं विचारू नका. वय सांगता येत नाही म्हणून तर हा खटाटोप. "तेव्हा लग्न झालं होतं? कडेवर कोण होतं?" असं विचारा. समजा जन्म १९२५ चा धरला, तर हा ताळा बसायला हवा:

- सप्टेंबर १९४२, तासगाव आणि वडूजच्या कचेऱ्यांवरचे मोर्चे: वय १७ च्या आसपास
- १९४३ ते ४६, पत्री सरकार: १८ ते २१
- १४ एप्रिल १९४४, मुंबईच्या गोदीतला स्फोट: १९ च्या आसपास
- १९५७, आणे जाऊन नवे पैसे आले: ३२
- ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा कोयनेचा भूकंप: ४२
- १९७२ चा दुष्काळ, खडी फोडायची कामं आणि सुकडी: ४७

भूकंप सगळ्यात भरवशाचा. त्या पहाटे कोण कुठं झोपलं होतं, अंगणात कुणाला उचलून आणलं, हे या भागातला कुणीही विसरत नाही. तेव्हा कडेवरचं पोर शेंडेफळ होतं, थोरलीचं लग्न झालेलं होतं, एवढं कळलं की दोन-तीन वर्षांच्या आत वय बसतं. थोरल्या अपत्याचा दाखला असेल तर त्यावरूनही अंदाज येतो. मात्र आधीची एक-दोन मुलं दगावलेली असू शकतात, ते जपून विचारा.

ताळा बसला नाही तर? एका घरी आजोबांचं वय एकशे चार म्हणून गावभर झालं होतं, हिशोब शहाण्णवच्या पुढं जाईना. आम्ही फ्लेक्सवर आकडाच घातला नाही, "आजोबांचा कृतज्ञता सोहळा" एवढंच लिहिलं. कुणीही विचारलं नाही.

आडवाटेची पण पैशाची गोष्ट. केंद्र सरकारच्या आणि लष्कराच्या निवृत्तिवेतनात, आणि कुटुंब निवृत्तिवेतनातही, वयाप्रमाणे वाढ मिळते. ८० नंतर मूळ निवृत्तिवेतनाच्या २० टक्के, ८५ नंतर ३०, ९० नंतर ४०, ९५ नंतर ५०, आणि शंभर पूर्ण झाले की १०० टक्के. साताऱ्याकडच्या फौजी घरांत जवानाच्या विधवेची जन्मतारीख कागदावरच नसते, म्हणून ऐंशीपासूनची वाढही मिळालेली नसते. पुरावा हाताला लागला की बँक आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. हयातीचा दाखला ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. बोटाचे ठसे झिजले असतील तर मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो.

> तपासा: फ्लेक्सवर किंवा निमंत्रणपत्रिकेत आधार, सात-बारा, दाखला यांचे फोटो छापलेले नाहीत ना? हौसेनं छापतात. एवढ्या वयाच्या माणसाच्या नावावर जमीन असते आणि सगळेच बघणारे पाहुणे नसतात.

टप्पा ५: उतरवून काढणं आणि जपणं

प्रत्येक बैठकीच्या दिवशीच रेकॉर्डिंगला नाव द्या: तारीख, व्यक्ती, गाव, विषय. "नवीन रेकॉर्डिंग ७" असं राहिलं की वर्षभरानं कुणी उघडत नाही. तीन प्रती, तीन ठिकाणी. एक फोनमध्ये, एक पेन ड्राइव्हवर, एक पुण्या-मुंबईच्या नातवाच्या संगणकावर. पूर आल्यावर एकाच कपाटातल्या तीन प्रतींचा काय उपयोग, हे सांगलीकरांना सांगायला नको.

लिहून काढायला वेळ लागतो. तासाभराच्या बोलण्याला मला पाच-सहा तास लागतात. सगळं जमणार नसेल तर निदान कुठल्या मिनिटाला काय आहे याची यादी करा.

लिहिताना भाषा धुऊ नका. "म्या" म्हणाल्या तर "म्या"च, "हुतं" तर "हुतं". "मी तेव्हा तिथे उपस्थित होते" असं सुधारून लिहिलेलं एक टिपण मी वाचलंय. चंदगडची असो की चाळीसगावची, कुठलीही बाई त्यात बसली असती. न कळलेला शब्द कंसात प्रश्नचिन्ह टाकून जसा ऐकू आला तसा लिहा आणि पुढच्या बैठकीत विचारा.

जुने फोटो एकेक करून पुढं ठेवा आणि डावीकडून उजवीकडं नावं घ्या. फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं फक्त नंबर घाला, नावं वहीत. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढं चेहऱ्यावर वळ उठतो.

टप्पा ६: सोहळा

आता मांडव.

*मुहूर्त.* चैत्र-वैशाखाचं ऊन आणि मृगाचा चिखल टाळा. तिथीनं वाढदिवस उन्हाळ्यात येत असेल तर घरात ओवाळा आणि मांडव दिवाळीनंतर घाला. वेळ सकाळी दहा ते साडेअकरा. त्यांनी व्यासपीठावर बसायचं ते अर्धा तास, जास्तीत जास्त चाळीस मिनिटं. या एका आकड्यावर घरातल्या कुणालाही तडजोड करू देऊ नका.

*पाहुण्यांची वाट.* कुणाचीही बघायची नाही. एका गावात प्रमुख पाहुणे पावणेदोन तास उशिरा आले. शंभर वर्षांच्या बाई तेवढा वेळ पैठणी नेसून उन्हाच्या तिरिपीत बसल्या, आणि लघवीला जायचं कुणाला सांगता आलं नाही म्हणून कार्यक्रमभर कसनुसं तोंड करून होत्या. पाहुणा उशिरा आला तर घरात जाऊन भेटेल.

*बैठक.* सिंहासनाच्या भाड्याच्या खुर्च्या उंच असतात, पाय लोंबकळतात. हात असलेली घरची खुर्ची, पाय जमिनीला टेकतील अशी. शौचालय जवळ. नेहमीचं सुती लुगडं किंवा धोतर. स्पीकर त्यांच्या मागं किंवा शेजारी नको. डीजेबद्दल बोलायलाच नको.

*औक्षण.* कणकेचे शंभर दिवे सुंदर दिसतात, पण एका ताटात पेटवून तोंडासमोर धरले तर धग लागते. दिवे समोर पाच-सहा फुटांवर पाटावर मांडा आणि ओवाळायला पाच दिव्यांचं ताट घ्या. पदर, टोपरं, गळ्यातली शाल याकडं बघायला एकजण उभा ठेवा. तुला करायची तर त्यांना तागडीत बसवू नका. घरी वजनकाट्यावर वजन घ्या आणि तेवढा गूळ नाहीतर वह्या मांडून ठेवा. वह्या नंतर शाळेत द्यायला बऱ्या.

*तोंड गोड करणं.* ही सगळ्यात धोक्याची जागा, आणि इकडं कुणाचंच लक्ष नसतं. प्रत्येकजण फोटोसाठी तोंडात पेढा कोंबतो. साताऱ्याचा कंदी पेढा खरपूस, घट्ट आणि चिकट, तर या वयात गिळताना ठसका लागायला एक घास पुरतो. पेढा हातात द्या, भरवू नका. भरवायचाच असेल तर एकदा, एकाच माणसानं, दुधात कुस्करून, चमच्यानं.

*हार आणि पाया पडणं.* दोन हार, तेही हलके. बाकीचे पाटावर ठेवा. तीनशे माणसं पाया पडायला रांगेत उभी राहिली की प्रत्येकाचा धक्का गुडघ्याला लागतो, आणि प्रत्येकाला आशीर्वादाचा हात हवा असतो. निवेदकानं आधीच सांगावं की लेकी-सुना, मुलं-नातवंडं जवळ येतील, बाकीच्यांनी जागेवरून नमस्कार करायचा. लोक ऐकतात. फक्त पहिला नियम मोडणारा घरचाच निघू नये.

*भाषणं.* दोन पुरेत, पाच-पाच मिनिटांची. त्याऐवजी रेकॉर्डिंगमधली तीन-चार मिनिटं निवडून स्पीकरवर लावा. जात्यावरची एखादी ओवी, भूकंपाची पहाट, नाहीतर भाकरी पोचवल्याची रात्र. कुठला भाग लावायचा हे त्यांना आदल्या दिवशी ऐकवून विचारा. कराडजवळच्या एका आज्जींनी तीन भागांतले दोन "ह्ये नगं" म्हणून बाजूला काढले. त्यातला एक आम्हाला सगळ्यात आवडलेला होता. आम्ही तो लावला नाही.

> तपासा (आदल्या रात्री): औषधांची वेळ कार्यक्रमात अडकत नाही ना? त्यांना कोण आणणार, कोण नेणार, "बास" म्हणायचा अधिकार कुणाला? त्या माणसाचं नाव सगळ्यांना माहीत आहे? पाणी आणि ताक जवळ आहे? निवेदकाच्या कागदावर ज्यांचं नाव घ्यायचं नाही त्यांची यादी आहे?

टप्पा ७: नंतरचे तीन दिवस

दुसऱ्या दिवशी काही नको. भेटायला येणाऱ्यांना वेशीवरच थोपवा, झोपू द्या, पाणी जास्त द्या. जेवण कमी झालं, झोप वाढली, एकदम गोंधळल्यासारख्या वाटल्या तर थकवा म्हणून न सोडता डॉक्टरांना दाखवा.

तिसऱ्या दिवशी, ठरलेल्या वेळी, फोन पुन्हा टॉवेलवर ठेवा. "परवा कोण कोण आलं हुतं वो?" एवढंच विचारा. साठ वर्षांत न भेटलेलं कुणीतरी त्या दिवशी भेटलेलं असतं. ज्या भाकरीची गोष्ट आम्हाला दहाव्याला कळली, तसल्या गोष्टी निघायला हाच दिवस बरा.